पुस्तक एक, खोली एक आणि सात तऱ्हा

विचारणाऱ्या ताई न्यू जर्सीत एका औषध कंपनीत आठ जणांची टीम सांभाळतात. २०२१ मध्ये कंपनीने वर्णभेदाविषयीचं ट्रेनिंग सगळ्यांना सक्तीचं केलं, सोबत ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ (म्हणजे ‘गोऱ्यांचा नाजूकपणा’) या पुस्तकाची एकेक प्रत वाटली आणि टीममध्ये त्यावर चर्चा घ्यायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं. पहिल्याच चर्चेत एक गोरी सहकारी रडली. एक गोरा इंजिनिअर हाताची घडी घालून छताकडे बघत बसला. एकाने पानं भरून टिपा काढल्या. टीममधली एकुलती कृष्णवर्णीय सहकारी दहा मिनिटांत ‘दुसरी मीटिंग आहे’ म्हणून उठून गेली. तिघे देसी मोबाइलमध्ये डोकं घालून होते. आठवा त्या दिवशी रजेवर होता, सुटला बिचारा. आता वॉशिंग्टनचं वारं फिरल्यावर सक्ती गेली, कार्यक्रमाच्या नावातून ‘डायव्हर्सिटी’ हा शब्दही गेला आणि चर्चा चालू ठेवायची की नाही हे ताईंवर सोडलंय. त्यांना स्वतःला पुस्तक भिडलं होतं. त्या विचारतात: एकाच पुस्तकावर माणसं इतकी वेगवेगळी का वागली, त्यात खरं कोण नि ढोंगी कोण, आणि हे पुढे न्यावं का?

मी मूळची सोलापूरची. अमेरिकेत आधी ११ वर्षं एचआरमध्ये होते, नंतरची १२ वर्षं असलीच ट्रेनिंगं घेण्यात गेली. त्यामुळे ताईंच्या खोलीतली सातही माणसं मला नावानिशी ओळखीची वाटतात.

ताई, खरं कोण नि ढोंगी कोण हे शोधायला जाऊ नका. माझे हात पोळलेत त्यात. सुरुवातीला सत्र संपलं की मी मनातल्या मनात यादी करायचे: हा आपला, ही आपली, तो गेलेली केस. एका ठिकाणी एका मॅनेजरने डोळे पुसत माझे हात हातात घेतले, ‘आज माझे डोळे उघडले’ म्हणाला. चार महिन्यांनी त्याच्याच विभागातून बढतीत डावलल्याची तक्रार आली आणि कागद बघितले तर तक्रारीत तथ्य होतं. त्याच सत्रात दुसऱ्या एकाने माझ्याशी पाऊण तास वाद घातला होता. आकडे मागितले, ‘हे तुम्ही मोजता कसं’ म्हणून भंडावून सोडलं. त्याने पुढच्या भरतीत प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि गुण तिथल्या तिथे लिहायचे, असा नियम स्वतःहून लावला. त्या दिवसापासून यादी करणं मी बंद केलं.

माणूस सत्रात कसा वागतो हे बरंचसं त्याच्या खुर्चीवर ठरतं. आपल्याला याची काय किंमत पडेल, बघतंय कोण, उद्या हे आपल्यावर शेकेल का, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो. छताकडे बघणाऱ्या त्या इंजिनिअरचंच घ्या. त्याचं अप्रेझल कोण लिहितं? तुम्ही. चर्चा कोण घेत होतं? तुम्हीच. पुस्तक पटलं नाही म्हणाला तर साहेबांच्या वहीत नोंद, पटलं म्हणाला तर स्वतःच्या नजरेत उतरला. छत हीच त्यातल्या त्यात सुरक्षित जागा होती.

घरी वाचलेलं पुस्तक आणि ऑफिसने हातात ठेवलेलं पुस्तक ही दोन वेगळी पुस्तकं असतात, मजकूर अक्षरन् अक्षर तोच असला तरी. २५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत ही पुस्तकं दुकानांतून संपली. रॉबिन डीअँजेलोंचं ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ २०१८ चं, इब्राम केंडींचं ‘हाउ टू बी ॲन अँटिरेसिस्ट’ २०१९ चं, पण धडाक्याने खपली ती त्या जूनमध्ये. ती ज्यांनी स्वतःचे पैसे टाकून घेतली, ते अर्धी वाट आधीच चालून आले होते. पुढच्या वर्षी तीच प्रत एचआरच्या शिक्क्यासह टेबलावर आली, तेव्हा ती नोटीस झाली.

आणि लोक काही दुधखुळे नसतात. कंपन्या ही ट्रेनिंगं का घेतात हे त्यांना कळतं. १९९८ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाचे लैंगिक छळाच्या खटल्यांत दोन निकाल आले. छळ टाळायला आणि झाला तर निस्तरायला आपण वाजवी काळजी घेतली होती, असं दाखवता आलं तर काही परिस्थितीत कंपनीला बचाव मिळतो, असं त्यांतून ठरलं. तेव्हापासून ट्रेनिंग म्हणजे पावसाळ्याआधी घेऊन ठेवलेली छत्री. वर्णभेदाचंही तेच. हजेरीपटावरची तुमची सही ही तुमच्या शिक्षणाची कमी आणि कंपनीच्या फायलीची जास्त. भारतात नोकरी करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा (‘पॉश’) आला तेव्हापासून त्याचं ट्रेनिंग दरवर्षी होतं. एका हाताने ‘नेक्स्ट’ दाबत दुसऱ्या हाताने डबा खाणारी मंडळी मी पुण्यातही पाहिलीत.

आता त्या विशिष्ट पुस्तकाबद्दल, कारण तुमच्या कंपनीने निवडलं तेच सगळ्यात तापट. डीअँजेलो स्वतः अशी ट्रेनिंगं घ्यायच्या. त्यांचं निरीक्षण खरं आहे: वंशाचा विषय निघाला की गोरा माणूस अस्वस्थ होतो, आणि मग सगळी खोली मूळ विषय सोडून त्याची समजूत काढायला लागते. पुस्तकात गोऱ्या बायकांच्या अश्रूंवर अख्खं एक प्रकरण आहे. गंमत बघा, ते पुस्तक वाचूनच तुमची सहकारी रडली. तेव्हा काय झालं आठवा. कुणी टिश्यूचा डबा सरकवला असेल, कुणी पाठीवर हात ठेवला असेल, तुम्ही स्वतः ‘टेक युअर टाइम’ म्हणाला असाल. साधारण त्याच सुमारास तुमच्या कृष्णवर्णीय सहकारीला दुसरी मीटिंग आठवली, हो ना?

इथवर मी पुस्तकाच्या बाजूची आहे. पुढे माझं आणि त्याचं पटत नाही. त्यातल्या मांडणीत आक्षेप घेणं हाच नाजूकपणाचा पुरावा ठरतो. ओरडलास तर चोर, गप्प बसलास तर लबाड. अशा सापळ्यात माणूस एक तर मान डोलावतो नाहीतर छताकडे बघतो, तिसरी जागाच उरत नाही. हा आक्षेप फक्त गोऱ्यांचा आहे असंही समजू नका. जॉन मॅकव्हॉर्टर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी जुलै २०२० मध्येच ‘द अटलांटिक’मध्ये या पुस्तकावर सडकून टीका केली. हे पुस्तक आम्हा कृष्णवर्णीयांनाच काचेच्या भांड्यासारखं वागवतं, असा त्यांचा रोख होता. केंडींचं पुस्तक वेगळ्या दिशेने जातं, त्यांचा भर मनापेक्षा धोरणांवर आणि नियमांवर आहे. पण ‘वर्णद्वेषी नाही’ अशी मधली तटस्थ जागा नसतेच, हे त्यांचं म्हणणं ऑफिसच्या खोलीत पुन्हा आरोपासारखंच ऐकू येतं.

म्हणजे एकाच पुस्तकात वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी वाक्यं ऐकू येतात. रडणारीला ऐकू आलं ‘तू वाईट आहेस’. इंजिनिअरला ऐकू आलं ‘तुझी बाजू मांडायची सोय नाही’. टिपा काढणाऱ्याला बहुतेक ‘परीक्षेला काय येईल’ एवढंच ऐकू आलं. आणि उठून गेलेलीला काय ऐकू आलं असेल, ते मला एका गोदामात शिकायला मिळालं.

मध्य न्यू जर्सीतलं ते गोदाम. २०२१ चा हिवाळा. कॅन्टीनमध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, कोल्ड्रिंकच्या मशीनशेजारच्या भिंतीवर प्रोजेक्टर, मागे फोर्कलिफ्टची टीं-टीं चालूच. समोर २२ माणसं. मी ‘अव्यक्त पूर्वग्रह’वाली, म्हणजे नकळत मनात बसलेल्या ग्रहांची, स्लाइड लावली. दुसऱ्या रांगेत एक कृष्णवर्णीय सुपरवायझर बाई होत्या, पन्नाशीच्या, अंगात फ्लोरोसंट जाकीट. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, “मॅडम, मी इथं १९ वर्षं आहे. हे सगळं मला तुमच्याकडून ऐकायची गरज नाही. मला एवढं सांगा, शनिवारचा ओव्हरटाइम कुणाला मिळतो हे कोण ठरवतं?”

कॅन्टीन चिडीचूप झालं. फ्लोअर मॅनेजर तिथेच होता, सज्जन माणूस, कान लाल झाले त्याचे. उत्तर साधं होतं. गुरुवारी संध्याकाळी तो स्वतःच्या फोनमधून लोकांना फोन करायचा. आधी ज्यांचे नंबर हाताशी ते, म्हणजे ज्यांच्याबरोबर तो रविवारी सॉफ्टबॉल खेळायचा ते. पाच-सहा जणांत शनिवार भरून जायचा. त्याच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पण सॉफ्टबॉलच्या टीममध्ये कोण होतं आणि कोण नव्हतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं, आणि ओव्हरटाइमचा दर दीडपट.

मी प्रोजेक्टर बंद केला. उरलेला तास आम्ही पांढऱ्या फळ्यावर शनिवारचा ओव्हरटाइम कसा वाटला जातो त्याचं चित्र काढलं. महिन्याभरात पंचिंग मशीनशेजारी एक क्लिपबोर्ड टांगला गेला. ज्याला हवं त्याने बुधवारपर्यंत नाव लिहायचं, आधी सेवाज्येष्ठता आणि मग पाळीपाळीने. सगळे खूश झाले नाहीत. ज्यांना पूर्वी फोन यायचे त्यांतले तिघे भडकले आणि त्यांतला एक कृष्णवर्णीय होता. त्या बाई माझ्या पुढच्या सत्राला आल्याच नाहीत. “मला कामं आहेत” असा निरोप आला. वाईट वाटलं नाही म्हणणार नाही, पण त्यांचं बरोबर होतं.

तर तुमच्या सहकारीने ‘दुसरी मीटिंग’ सांगितली त्याचा अर्थ माझ्या मते हा. जे ती रोज भोगते ते इतरांनी पहिल्यांदा शोधून काढल्याचा सोहळा तिने बसून बघायचा, वर कुणीतरी वळून विचारणार, ‘तुला काय वाटतं?’ एका माणसाने अख्ख्या समाजाची साक्ष द्यायची, तीही फुकट, तीही ज्यांच्याबरोबर उद्या काम करायचं त्यांच्यासमोर. मीही उठले असते.

अभ्यासही फार आशा लावत नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून अधिक अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची आकडेवारी तपासली. ज्या कंपन्यांनी मॅनेजरांना ट्रेनिंग सक्तीचं केलं, तिथे पाच वर्षांनी मॅनेजर पदांवरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण वाढायचं सोडून सरासरी ९ टक्क्यांनी घटलं होतं. आशियाई वंशाच्या स्त्री-पुरुषांचं ४ ते ५ टक्क्यांनी. हो, आपलं. जिथे ट्रेनिंग ऐच्छिक होतं, तिथे कित्येक गटांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. सक्तीला माणूस चिडून उलट वागतो, हा त्यांचा खुलासा. मला तो पटतो, शाळेत सक्तीने कवायत केलेल्या कुणालाही पटावा. २०१९ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला: एक तासाचं ऑनलाइन ट्रेनिंग, एका मोठ्या कंपनीचे तीन हजारांवर कर्मचारी. मतं थोडी सरकली, वागणं फारसं हललं नाही.

स्टारबक्सचं उदाहरण मी अजून वापरते. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या दुकानात काही विकत न घेता कुणाची तरी वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना पोलिसांनी बेड्या घातल्या. त्यावर कंपनीने २९ मे ला दुपारनंतर अमेरिकेतली आठ हजारांहून जास्त दुकानं बंद ठेवून पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग दिलं. बातमी त्याची झाली. पण काउंटरमागच्या पोरांच्या दृष्टीने खरा फरक दुसऱ्याच गोष्टीने पडला. त्याच मे महिन्यात कंपनीने नियम केला की काही न घेताही कुणालाही बसता येईल, स्वच्छतागृह वापरता येईल. कुणाला हटकायचं हा निर्णयच त्यांच्या हातून गेला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने तो नियम मागे घेतला, म्हणजे तो निर्णय पुन्हा काउंटरवर आला.

आता ते तिघे देसी. यावर मला जास्त लिहायचंय, कारण तिथे आपण सापडतो.

त्यांना वाटत होतं, हे गोऱ्यांचं नि कृष्णवर्णीयांचं भांडण, आपला काय संबंध? आपण अभ्यास केला, व्हिसा मिळवला, ग्रीन कार्डच्या रांगेत केस पिकवले. यात खोटं काही नाही. फक्त ती रांग आपल्यासाठी उघडली १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर आला, हे आपल्या स्नेहसंमेलनांत कुणी सांगत नाही. त्याआधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या पंजाबी माणसाने नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टात दावा लढवला. तेव्हा बाहेरून आलेल्याला नागरिकत्व मिळायला गोरं किंवा आफ्रिकी वंशाचं असावं लागायचं. त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की हे उच्चजातीय आर्य आहेत, म्हणजे गोरेच. कोर्टाने तो फेटाळला. मी हा किस्सा सांगते तेव्हा देसी मंडळी आधी हसतात, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की वंशाच्या दारातून आत शिरायला आपण जातीची किल्ली लावून बघितली होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते रोखलं. त्या वर्षात माझ्याकडे जातीबद्दल सत्र घ्यायच्या तीन-चार मागण्या आल्या. आणि जी देसी मंडळी ‘गोऱ्यांना स्वतःची सवलत दिसत नाही’ म्हणून मान डोलवायची, त्यांच्या तोंडून मी शब्दशः हे ऐकलं: “आमच्या घरी कधीच जात पाळली नाही.” “मी जात बघतच नाही.” “हे सगळं जुनं झालं, उगाच उकरून काढताय.” “आम्हालाच का लक्ष्य करता?” यांतला ‘जात’ शब्द काढून ‘रंग’ घाला. तुमच्या इंजिनिअरच्या मनात छताकडे बघताना काय चाललं असेल ते ऐकू येईल.

त्यांचा सगळाच आक्षेप मी खोडत नाही. एका विशिष्ट समाजाला कायद्यात वेगळं काढलं की मुलाच्या शाळेत, भरतीच्या मुलाखतीत आपल्याकडे संशयाने बघतील, ही भीती खरी होती. जन्मावरून दोषी धरू नका, हे म्हणणं रास्तच आहे. ते त्या गोऱ्या इंजिनिअरलाही लागू होतं, एवढंच माझं म्हणणं.

अशाच एका सत्रानंतर विदर्भातल्या एका तरुणाने मला रात्री मेसेज केला. टीममधले मराठी लोक जेवायला बसले की पहिला प्रश्न ‘पुण्यात कुठे?’, दुसरा ‘मूळ गाव कुठलं?’, तिसरा ‘अच्छा, म्हणजे ते अमुक तुमचे कोण?’. विचारणाऱ्यांना वाटतं आपण गप्पा मारतोय. त्याला कळतं की पोहरा आडनावाच्या विहिरीत सोडलाय. तो आता डेस्कवर बसून जेवतो. सत्रात तो दीड तास मोबाइलमध्ये बघत होता आणि मी त्याला ‘रस नसलेल्यां’त धरलं होतं. यादी करायची सोडल्याचा मला गर्व होता, तो त्या रात्री उतरला.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. मराठी माणसाने या विषयात ‘आपला काय संबंध’ विचारलं की मला हे पान आठवतं. पण सत्रात मी ते काढत नाही. तिथे महापुरुष काढला की लोक पुन्हा मान डोलवायला लागतात.

कायद्याचं थोडक्यात, कारण तुम्ही मॅनेजर आहात. ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२० मध्ये सरकारी कंत्राटदारांच्या अशा ट्रेनिंगवर बंधनं घातली, बायडेन यांनी पहिल्याच दिवशी ती उठवली, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्याहून कडक हुकूम काढले. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की बहुसंख्य गटातल्या माणसाला भेदभाव सिद्ध करायला जास्तीचा पुरावा लागत नाही, निकष सगळ्यांना सारखाच. तेव्हा कुणालाही त्याच्या वंशावरून खोलीत उभं करून ‘तुम्ही लोक’ म्हणू नका, कुठल्याही बाजूने. ते तसंही चुकीचंच होतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने दिलेलं भेदभावापासूनचं संरक्षण मात्र जागेवर आहे. कंपनीने कार्यक्रमाचं नाव बदललं म्हणून तुमची जबाबदारी बदललेली नाही.

आता तुमच्या टीमचं. पुस्तकाची चर्चा ऑफिसातून काढा. ज्यांना वाचायचंय त्यांना बाहेर कॉफीवर भेटू द्या, आणि तुम्ही तिथे जाऊ नका, कारण तुम्ही साहेब आहात. उठून गेलेल्या सहकारीला ‘तुला तेव्हा कसं वाटलं’ असं चुकूनही विचारू नका. तिच्याशी नेहमीच्या आढावा बैठकीत कामाचं बोला: गेल्या वर्षात कुठलं काम हवं होतं आणि मिळालं नाही? हाच प्रश्न त्या इंजिनिअरला विचारा, त्या तिघांना विचारा, रजेवरच्यालाही विचारा. मग एका निवांत संध्याकाळी मागच्या १२ महिन्यांची कॅलेंडरं काढून बसा. व्हाइस प्रेसिडेंटसमोर सादरीकरण कुणी केलं, औषधाच्या मंजुरीसाठी एफडीएकडे जाणाऱ्या फायलीवर कुणाला घेतलं, परिषदेला कुणाला पाठवलं, नव्या माणसाला हाताखाली कुणी शिकवलं. वाटप तुम्हीच केलंय, त्यामुळे बघताना थोडा त्रास होईल.

सुरुवात मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं इथून करा, ते मोजायला सगळ्यात सोपं. त्या दिवशी पानं भरून टिपा काढणारे गृहस्थ त्या यादीत किती वेळा सापडतात, ते मला नक्की कळवा.